पाय कोण देणार?

"चोरीची भीती हाय का वहिनी?" दुकानदारानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग अलार्म कशाला?"

मी हळूच मागं बघितलं. मामा, म्हणजे माझे सासरे, दुकानाच्या दारात स्टुलावर बसले होते. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. उजव्या हातात टोपी, आणि नजर बाहेर उभ्या असलेल्या आमच्या ट्रकवर. मी काउंटरवर वाकून आवाज खाली आणला.

"चोर घरातलाच आहे. ते काय, बसलेत."

दुकानदाराचं नाव रियाज. त्यानं मामांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हातातला डबा खाली ठेवला. त्याला काही कळलं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

झालं होतं असं. मामांनी पस्तीस वर्षं ट्रक चालवला. नजर कमी झाली तेव्हा गाडी माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या हातात आली, आणि मामांकडं सकाळचं एकच काम राहिलं. साडेसहाला केबिनमध्ये चढायचं आणि इंजिन चालू करून ठेवायचं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभरात ती हवा उतरते आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालल्याशिवाय पुन्हा भरत नाही. अभयचा चहा होईपर्यंत गाडी तयार असायची आणि सातला तो सूत भरायला इचलकरंजीला निघायचा.

तीन आठवड्यांपूर्वी मामा त्या केबिनच्या पायरीवरून घसरले. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी हातावर निभावलं, परत पडलात तर खुबा जाईल आणि मग अंथरूण. मामांनी मान डोलावली आणि चौथ्या दिवशी एका हातानं परत वर चढले. आम्ही किल्ली लपवली, तर त्यांच्याकडं दुसरी निघाली. अभय लवकर उठायला लागला, तर मामा त्याच्याही आधी उठायला लागले. केबिनच्या दाराचं लॉक कधीचंच गेलेलं. आत्ती, माझ्या सासूबाई, रडल्या, भांडल्या, एक दिवस जेवल्या नाहीत. काही उपयोग झाला नाही.

मग मीच तोडगा काढला. गाडीला रिमोट स्टार्ट बसवायचा, म्हणजे मामा चढायच्या आत स्वयंपाकघरातून बटण दाबलं की गाडी चालू. आणि अलार्म, म्हणजे तरीही कुणी दार उघडलं तर अख्ख्या गल्लीला कळेल. माझा स्वभाव पहिल्यापासून झटकन ठरवून मोकळं व्हायचा. त्यात घरात काही अडलं की सगळे म्हणायचे, पद्माला विचारा, ती कॉम्प्युटर शिकलीय. लग्नाआधी हातकणंगल्यात तीन महिने टायपिंगच्या क्लासला गेले होते, त्याचा हा एवढा दरारा. अभय आम्हांला आणि गाडीला कोल्हापुरात या दुकानापाशी ठेवून मालाचे कागद आणायला गेला होता. "तू ठरव, मला त्यातलं कळत नाही," म्हणाला. जसं काही मला कळत होतं.

रियाजनं काउंटरवर तीन डबे मांडले. पहिल्यात नुसता अलार्म. दुसऱ्यात अलार्म आणि रिमोट स्टार्ट. तिसऱ्यात तेच, पण आणखी काहीतरी, ते तो नंतर सांगणार होता. मला वाटलं, साडी निवडण्यापेक्षा सोपं आहे. पण त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि माझी दांडी उडाली.

"गाडी बंद कशी करता? किल्लीनं, का वायर वडून?"

बंद करायचे दोन प्रकार असतात हेच मला नवीन होतं. "मामा, आपली गाडी बंद कशी होते?"

"गप ऱ्हायली की बंद," मामा बाहेरच बघत म्हणाले.

रियाज हसला. "तसं न्हवं आजोबा. डिझेल तोडायची वायर हातानं वडावी लागती का?"

"कवा लागती, कवा न्हाई."

शेवटी तो स्वतः जाऊन केबिनमध्ये डोकावून आला. वायर होती. मग त्यासाठी एक जादाचा तुकडा लावावा लागेल म्हणाला. बॅटरी बारा व्होल्टची का चोवीसची? मामा म्हणाले, "दोन हायत." बसवून किती दिवस झाले? "बसवल्या तवापास्नं." मी अभयला फोन लावला. तो म्हणाला, मामांना विचार. मी फोन ठेवला. मामांना कमी ऐकू येतंय की वयामुळं त्यांचा गोंधळ होतोय, मला कळेना. घरी तर ते शेजारच्या गल्लीत गेलेल्या गाडीचा आवाज ऐकून तिच्या कुठल्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा सैल झालाय ते सांगायचे.

"सकाळी चालू कोन करतं?" रियाजनं विचारलं.

"मामाच. तेच तर बंद करायचंय. ते गाडी चालवत नाहीत हो आता, नुसती चालू करून ठेवतात."

मामांच्या हातात टोपी फिरत होती, ती थांबली.

"थंडीत एका सेल्फला लागती का?" सेल्फ म्हणजे स्टार्टर, एवढं मला माहीत होतं.

या वेळी मामा न विचारता बोलले. "पाय कोन देनार?"

"मामा, पायाला काय झालंय? हात मोडलाय तुमचा," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. आता हे पायाचं नवीन काय काढलं, असं माझ्या मनात आलं. आधीच डोकं भणभणलेलं. रियाजला मात्र ते बरोबर कळलं.

"आजोबा ॲक्सिलेटरचं म्हनत्यात वहिनी. जुनं इंजिन थंड असलं की नुसत्या सेल्फवर उठत न्हाई. अर्धा पाय द्यावा लागतो, म्हंजे ॲक्सिलेटर अर्धा दाबून धरायचा. रिमोट काय पाय देत न्हाई." मग त्यानं तिसरा डबा पुढं सरकवला. "म्हनून तर ह्यो हाय. पहिल्या सेल्फला लागली न्हाई तर पाच सेकंद थांबून आपलं आपन परत मारतो. तरी न्हाई लागली तर तिसऱ्यांदा. तीन डाव. तुमी चहा गाळत बसायचं."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतक्या वेळात पहिल्यांदाच एका प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. "हाच द्या," मी म्हटलं. "मामा, ऐकलंत का? पाय द्यायला नको. तीनदा मारतो."

"ऐकलं."

"फकस्त एक बगा," रियाज म्हणाला. "गाडी उभी करताना न्यूटल करूनच ठेवता न्हवं? गेरात ठेवून हे चालनार न्हाई."

न्यूटल हा शब्द मी अभयच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. "हो हो, न्यूटलच असते," मी सांगून टाकलं.

मामांनी मान वळवली. तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते बघितलं होतं. आजही मला त्यांचं ते उघडून मिटलेलं तोंड दिसतं. पण तेव्हा मी घाईत होते.

बसवायला दुपार गेली. अभय आल्यावर रियाजनं त्यालाही न्यूटलचं आणि हँडब्रेकचं बजावून सांगितलं. मग रिमोट माझ्या हातात दिला आणि मी बटण दाबलं. इंजिन सकाळपासून गरमच होतं, ते पहिल्या सेल्फला लागलं. रस्त्यावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. मला मोठी ऐट वाटली. मी रिमोट मामांपुढं धरला. "दाबून बघा की."

"नगं. तूच दाब."

घरी परत येताना तिघंही केबिनमध्ये होतो. मामा खिडकीशी बसले होते. एरवी अभयला वाटेत गिअर बदलायला शिकवायचे, त्यानं पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी. त्या दिवशी मांडीवर टोपी ठेवून बाहेर बघत बसले.

आमच्या घरापुढची जागा उताराची आहे. गाडी तोंड खाली रस्त्याकडं करून उभी राहते. अभयनं पाचच्या सुमाराला ती न्यूटलमध्ये उभी केली, हँडब्रेक करकचून ओढला आणि आंघोळीला गेला. मामांनी नेहमीचा दगड पुढच्या चाकाखाली सरकवला. खाणीतला काळा दगड, दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत झालेला. एका हातानं तो ढकलताना त्यांना धाप लागली.

"आता कशाला तो?" मी विचारलं.

"तेवढा लावू दे."

मी भाकऱ्या थापायला आत गेले. निजायच्या आधी मी अलार्म लावला. गाडी कुंई करून ओरडली. "मांजर चढलं तर गं?" आत्तींनी विचारलं. "मांजराला दार उघडता येत नाही आत्ती," मी म्हटलं. मला शांत झोप लागली.

सकाळी साडेसहाला मी स्वयंपाकघराच्या दारात रिमोट घेऊन उभी राहिले. धुकं होतं. आत्ती मागं उभ्या होत्या. अभय तोंडात ब्रश घालून न्हाणीच्या दारात. मामा गाडीपुढं होते. रोज ते आधी इंजिन चालू करायचे, आणि हवा भरेपर्यंत खाली उतरून गाडीच्या तोंडाला उदबत्ती ओवाळायचे. आज पहिलं काम नव्हतं, म्हणून ते थेट उदबत्ती घेऊन उभे राहिले होते. बंपरला टेकून, पाठ रस्त्याकडं. मला बरंच वाटलं. म्हटलं, बघा, चढायचं सुटलं एकदाचं.

मी बटण दाबलं.

गाडी हलली.

इंजिन लागलं नव्हतं. सेल्फ नुसता ओरडत होता, आणि त्या ओरडण्याबरोबर एवढं मोठं धूड एक हिसका देऊन पुढं आलं आणि दगडावर अडलं. उदबत्ती खाली पडली. मामा मागं रेटले गेले, पण उभे होते. मला वाटलं, हँडब्रेक सुटला. मग वाटलं, मी चुकीचं बटण दाबलं. मी परत दाबलं. दुसरं दाबलं. दोन्ही एकदम दाबली.

"दाबू नगंस!" मामा ओरडले. "गेरात हाय!"

गेरात म्हणजे काय, न्यूटल म्हणजे काय, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आपटलं. गिअरमध्ये असलेली गाडी नुसत्या सेल्फवरही चालते. आणि त्याच वेळी ते दुसरंही आठवलं. पाच सेकंद थांबून आपलं आपण परत मारतो. तीन डाव.

"मामा, बाजूला व्हा! अजून मारणार आहे!"

दुसरा सेल्फ बसला. दगड वीतभर सरकला. मामा अंग तिरकं करून बंपरच्या कडेनं निसटले. रस्त्याकडं पळाले असते तर मी समजले असते. पण ते केबिनकडं गेले. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातानं दांडा धरून ते पायरीवर चढले. दार उघडलं तशी अलार्मनं बोंब ठोकली. पीं पीं पीं, सगळी गल्ली जागी झाली. आत्ती किंचाळत होत्या. अभय ब्रश टाकून धावला. मी जागची हललेच नाही. हातात रिमोट, आणि त्यावर काय दाबायचं ते कळत नव्हतं.

तिसरा सेल्फ ओरडला. गाडी हलली नाही. मामा आत होते, क्लच दाबून. आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या दुसऱ्या पायानं अर्धा ॲक्सिलेटर दाबला असणार, कारण इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि लागलं.

अभयनं माझ्या हातातून रिमोट ओढून घेऊन अलार्म बंद केला. मग नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.

मामा खाली उतरेनात. मी गाडीजवळ गेले. पलीकडच्या दारानं चढले, आयुष्यात पहिल्यांदा एकटी चढले, आणि त्यांच्या शेजारी बसले. ते समोरच्या काट्याकडं बघत होते. हवेचा काटा. तो हळूहळू वर चढत होता.

"लागलं का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई."

"गिअरमध्ये कुणी टाकली?"

"मी. सांजच्याला. तू भाकऱ्या करत हुतीस." त्यांनी खालच्या रस्त्याकडं बोट केलं. "उताराला गाडी. न्यूटलमधी. त्या हँडब्रेकचा काय भरवसा? खाली शाळंची पोरं जात्यात. जीव ऱ्हाईना माझा. चढलो आन् गेरात टाकली. सवय हाय. सकाळचं ध्यानात ऱ्हायलं न्हाई, का तू बटन दाबनार."

"मग दुकानात का नाही बोललात? मी न्यूटल म्हटलं तेव्हा? एक शब्द बोलला असता तर त्यानं बसवलंच नसतं."

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. काटा अर्ध्यावर आला होता.

"तू म्हनलीस की त्याला. नुसती चालू करतो म्हनून. आता नुसतंच असंल तर मी काय बोलू?" मग ते माझ्याकडं वळले. रागावलेले नव्हते. मला ते सहन झालं नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. "नुसती चालू हुत न्हाई पोरी गाडी."

मला रडू फुटलं. तीन डब्यांतून सगळ्यात भारी डबा मी निवडला होता. बॅटरी विचारली, वायर विचारली, आणि ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं, त्याला सकाळी उठून काय करायचं ते विचारायचं सुचलंच नाही. दुकानातली त्यांची ती वाकडी उत्तरं मला तेव्हा कळली. कान चांगले होते, डोकंही ठिकाणावर होतं. ते आपलं काम वाचवत होते आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती.

"पण तुम्ही परत पडलात तर?" मी डोळे पुसत म्हटलं. "आम्ही काय करायचं?"

काटा जागेवर आला. ते म्हणाले, "भरली," आणि अभयनं त्यांना दोन्ही हातांनी धरून खाली उतरवलं. मामा कुणाकडून उतरवून घेतात असं मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी रियाजकडं जाऊन आम्ही रिमोट स्टार्ट काढून टाकला. त्यानं कानाला हात लावला. अलार्म तेवढा राहिला.

तिसऱ्या दिवशी साडेसहाला मामा अंगणात उभे होते, गाडीकडं बघत. मी पदर खोचला, त्यांच्यासमोरून गेले आणि केबिनमध्ये चढले. शेजारच्या बायका दारात आल्या. चौगुल्यांची सून ट्रकमध्ये, हे त्यांना दिवसभर पुरलं असतं.

"मामा," मी वरून हाक मारली. "मला काही येत नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग दोन पावलं पुढं आले. खिडकीखाली, मला दिसतील असे.

"क्लच दाब. पुरता. आता गेर काड. हालवून बग, ढिल्ला लागतोय का? लागतोय न्हवं, ते न्यूटल." हे शेवटचं जरा मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. "आता किल्ली. थांब, मारू नगंस. उजवा पाय ठेव. अर्धा. अर्धा म्हंजे अर्धा, एवढा न्हाई. हां." त्यांनी हात वर केला. "मार."

एका सेल्फला लागली.

पुढची सहा वर्षं आमचं असंच चाललं. प्लास्टर निघालं, पण मामा परत चढले नाहीत. मी वर, मामा खाली. ते "अर्धा" म्हणून हात वर करायचे, मी किल्ली फिरवायची. मग ते उदबत्ती ओवाळायचे, मी काटा बघायची आणि "भरली" म्हणून ओरडायची. पाव्हणे आले की मामा मुद्दाम त्यांना साडेसहाला अंगणात आणायचे. कुणी मामांना विचारलं, कलगोंडा, त्या रिमोटचं काय झालं रे, की म्हणायचे, "बसवलाय की. ह्यो काय वर बसलाय. तीनदा मारायला लागत न्हाई." आत्ती कपाळाला हात लावायच्या. मी केबिनमध्ये हसायची.

मामा गेले ते झोपेतच. चार-पाच दिवस गाडी उभीच होती. मग अभय म्हणाला, आता काढायला पाहिजे. थंडीचेच दिवस होते. सकाळी मी वर चढले. क्लच दाबला, गिअर काढला, ढिला लागतोय का ते बघितलं. खिडकीतून खाली बघितलं. उदबत्ती घेऊन अभय उभा होता. त्यानं मान हलवली.

मी किल्ली फिरवली. सेल्फ ओरडत राहिला, इंजिन लागलं नाही. खालून कुणी "अर्धा" म्हटलं नव्हतं, आणि मी पाय द्यायला विसरले होते.

दुसऱ्या वेळी मीच मोठ्यानं म्हटलं, "अर्धा," आणि मग पाय दिला.